रॅम किती ते नंतर, आधी अडतंय कुठे ते पाहा

पत्राचा गोषवारा: धायरीतल्या एक वाचक ताई घरबसल्या चौदा-पंधरा छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितात, टॅलीत नोंदी करतात, जीएसटीची विवरणपत्रं भरतात. लॅपटॉप २०१८ साली घेतलेला आहे. १५.६ इंची, आठव्या पिढीचा आय५, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एकत्र उघडले की माउसचा बाण जागीच थिजतो. एका दुकानदाराने सांगितलं, '१६ जीबी रॅम टाका, पळायला लागेल.' इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, नवीनच घे. यजमान म्हणतात, घरी उघडलास तर आहे तोही जाईल. डिस्कवर आठ वर्षांचा टॅलीचा डेटा आणि मुलाच्या शाळेपासूनचे फोटो आहेत. ताई विचारतात, 'रॅम किती घेऊ? आणि मी कॉमर्सची, हे उघडाउघडीचं काम माझ्याच्याने होईल का?'

ताई,

दुकानदार, मुलगा आणि यजमान या तिघांनी तीन वेगळे सल्ले दिले, पण लॅपटॉप नेमका कुठे अडतोय हे एकानेही तपासलेलं दिसत नाही. ते आधी पाहू. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी काही उघडावं लागत नाही.

उद्या सकाळी लॅपटॉप सुरू केला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' निवडून डिस्कवर क्लिक करा. तुमच्या वर्णनावरून मला खात्री वाटते की 'ऍक्टिव्ह टाइम' १०० टक्क्यांना चिकटलेला दिसेल, वाचण्याचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच्या पुढे जात नसेल, आणि सीपीयू निवांत बसलेला असेल. आता मेमरीवर क्लिक करा. ४ जीबीपैकी साडेतीनच्या आसपास वापरात असेल. तिथेच खाली 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असतं, त्यापुढचा आकडा कागदावर लिहून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

या आकड्यांचा अर्थ असा. तुमची हार्डडिस्क बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असणार. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती फाइल सापडायला आधी डिस्कचं वाचणारं डोकं योग्य पट्ट्यावर सरकावं लागतं, मग तो भाग फिरून डोक्याखाली यावा लागतो. असे शोध सेकंदाला साठ-सत्तरच होतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली मागते. सात-आठ मिनिटं जातात ती इथे. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तिथे तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतो.

आता रॅम, म्हणजे चालू कामं मांडून ठेवायची जागा. ४ जीबी भरली की विंडोज जास्तीचं सामान डिस्कवर टाकतं आणि लागेल तसं परत उचलतं. म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कवर आणखी ओझं. बाण थिजतो तो त्या क्षणी. त्यामुळे दुकानदाराचं बोलणं अगदीच चूक नाही, फक्त अर्धं आहे. नुसती रॅम वाढवली तर थिजणं कमी होईल, पण सकाळची सात-आठ मिनिटं जवळपास तशीच राहतील. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ते आधी एसएसडीवर घाला. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव बरेच चढले आहेत, म्हणून हा क्रम आज जास्तच महत्त्वाचा आहे.

१६ जीबी तुम्हाला लागत नाही. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरच्या दहा-बारा टॅब एवढं काम ८ जीबीत सुखाने होतं. 'स्लॉट्स यूज्ड'पुढे दोनपैकी एक असं दिसलं, तर मोकळ्या जागेत रॅमची ८ जीबीची पट्टी घाला, एकूण १२ होतील. ४ आणि ८ अशी विषम जोडी चालत नाही असं कोणी सांगेल, पण ती चालते. सारख्या दोन पट्ट्यांनी मिळणारा थोडा जादा वेग फक्त काही भागापुरता मिळतो, एवढंच. मोकळी जागा नसेल, तर असलेली पट्टी काढून ८ ची बसवायची. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच डागलेली असते, तिथे रॅमचा विषय संपतो आणि एकट्या एसएसडीवर समाधान मानावं लागतं. मुलगा अँड्रॉइडचे ऍप वगैरे बनवत असेल तर त्याला १६ जीबीची गरज खरी आहे, पण ती त्याच्या मशीनची गरज झाली.

नवीन घेण्याबद्दल. आठव्या पिढीचा आय५ चार कोअरचा आहे आणि तो विंडोज ११ च्या यादीत बसतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांचे हिशेब ज्या मशीनवर आहेत ते तसंच चालू ठेवणं मला पटत नाही, तेव्हा ११ वर जायचंच आहे. पण तुमच्या लॅपटॉपला ती वाट मोकळी आहे. ज्या वाचकांचा प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा आहे, त्यांनी मात्र खर्च करण्यापूर्वी थांबून विचार करावा. इंटेलच्या त्या मशीन जवळजवळ सगळ्याच ११ च्या यादीबाहेर आहेत. त्यांना लिनक्स चालणार असेल तर एसएसडी जरूर घाला. टॅलीसाठी विंडोजच हवं असेल तर पैसे नव्या मशीनसाठी राखा. तुमचाही निर्णय एका गोष्टीने उलटू शकतो. लॅपटॉप सपाट टेबलावर नेहमीसारखा ठेवून पाहा, डुगडुगतो का? टचपॅड वर आलंय का, कडेची फट रुंदावली आहे का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग घरी उघडू नका, चार्जिंगलाही लावू नका. आधी बॅटरी बदलून घ्यायची.

खरेदी करताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक (तळाच्या चिकटपट्टीवर असतो) घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. कोणता स्क्रू कुठे आहे हे त्यात चित्रांसकट असतं. तुमच्या मशीनला बहुधा डीडीआर४ ची लॅपटॉपची पट्टी लागेल, १.२ व्होल्टची, २६० पिनांची. वेगाचा आकडा २४०० च्या जागी २६६६ किंवा ३२०० असला तरी घ्या, ती खालच्या वेगाने चालते. डीडीआर३ मात्र बसतच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. जुनी मशीन असलेल्यांनी डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांतला फरकही पाहावा: दुसरी १.३५ व्होल्टवर चालते, आणि ती मागणाऱ्या बोर्डात १.५ ची घातली तर मशीन सुरूच होत नाही. रॅम वापराने झिजत नाही, त्यामुळे भाव चढे असताना तपासून घेतलेली जुनी पट्टी चालेल. जुनी एसएसडी मात्र नको, ती लिहून लिहून झिजते.

एसएसडी २.५ इंची साटा (हार्डडिस्कच्याच जोडणीची), ७ मिलिमीटर जाडीची, ५०० जीबी. विंडोजमध्ये ती ४६५ दिसेल, ती फसवणूक नव्हे, मोजायची पद्धत वेगळी आहे. बोर्डावर एम.२ ची (पातळ पट्टीसारख्या एसएसडीची) मोकळी जागा असेल तर तिथेही बसवता येते, पण काही बोर्ड तिथे फक्त साटा घेतात तर काही फक्त एनव्हीएमई (जास्त वेगाची जोडणी), म्हणून मॅन्युअल पाहिल्याशिवाय घेऊ नका. वेग एनव्हीएमईचा कितीतरी जास्त आहे, तरी तुमच्या कामात हातांना तो फरक जाणवणार नाही. नामांकित कंपन्यांच्या, पाच वर्षांच्या हमीच्या काही ५०० जीबी एसएसडींवर ३०० टीबी लिहिण्याची हमी मिळते. तुम्ही रोज २० जीबी लिहिले तरी ते पुरायला ४१ वर्षं लागतील, तेव्हा झिजण्याची काळजी सोडा. पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुकानात घ्या किंवा ऑनलाइन, पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर हवाच. नाव न ऐकलेल्या कंपनीची स्वस्त एसएसडी मी कोणालाही सुचवणार नाही. त्यासोबत यूएसबीला जोडायची साटा केबल किंवा केस, एक बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर आणि एक प्लास्टिकची पट्टी घ्या. जुनं एटीएम कार्डही चालतं.

आता दिवस ठरवा. ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरून झाल्यावरच हात घाला. तिमाहीवाले ग्राहक असतील तर तिमाहीनंतरच्या महिन्यात २२ तारीखही उलटू द्या. गुरुवार टाळा, पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी वीज बरेचदा गुरुवारीच जाते.

सर्वांत आधी डेटा. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून उघडतोय का पाहा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका. फोटो बाहेरच्या डिस्कवर आणि शक्य असेल तर ऑनलाइनही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्याखेरीज काहीही दिसलं, तर डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झाले आहेत. अशा वेळी क्लोनिंगच्या, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवण्याच्या, नादी लागू नका. सर्वांत मोलाच्या फायली आधी, एकेक करून उतरवून घ्या आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाका.

यापुढचा क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. पैसे आधी एसएसडीवर घालायचे असले, तरी बसवायची आधी रॅम. खराब रॅम गुपचूप आकडे बदलते. ती घालून तुम्ही क्लोन केलात तर बिघडलेली प्रत नव्या डिस्कवर जाते आणि महिनाभराने टॅलीत एखाद्या दुकानदाराचा हिशेब उघडत नाही तेव्हा कळतं. म्हणून रॅम, मग रॅमची चाचणी, मग क्लोन, आणि शेवटी डिस्कची अदलाबदल.

लॅपटॉप बंद करताना शिफ्टचं बटण दाबून ठेवून 'शट डाउन' करा. एरवी विंडोज अर्धवट झोपतं. चार्जर काढा. सुती कपडे घाला. सतरंजीवर किंवा सिंथेटिक गालिच्यावर बसू नका, साध्या लाकडी टेबलावर काम करा. मधूनमधून एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला, कपाटाला वगैरे हात लावा. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना जी ठिणगी बोचते तीच चिपला पुरते. तळाचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवा. स्क्रू सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वर तळहात टेकतो तिथून फुगवटा काढतो. एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो आधी काढा, त्याच्या खोबणीतही स्क्रू असतात. सगळे निघूनही झाकण हलत नसेल तर जोर करू नका, एखादा राहिलाय असं समजा. मग बिजागरीच्या बाजूने कार्ड सरकवत न्या. टक्-टक् आवाज येईल, तो क्लिपा सुटल्याचा, मोडल्याचा नव्हे.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर सोडवणे. वायर धरून ओढू नका, प्लास्टिकच्या पट्टीने कनेक्टरच मागे ढकला. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा, उरलीसुरली वीज जाईल.

रॅमची पट्टी कडांनी धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. पट्टीवरची खाच आणि जागेतला उंचवटा समोरासमोर आणा. साधारण ३० अंशांत तिरकी धरून आत रेटा, सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत. नवखे लोक इथेच घाबरून कमी दाबतात. दात अर्धे बाहेर दिसत असताना पट्टी खाली दाबली तरी ती बसल्यासारखी वाटते, मग स्क्रीन काळी राहते. पूर्ण आत गेली की वरून आडवी दाबा. दोन्ही बाजूंचे चिमटे एकदम टक् करून बसले की झालं. बॅटरी जोडा, झाकण दोन स्क्रूंवर ठेवा आणि सुरू करा.

पहिल्यांदा स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते. मशीन नव्या रॅमची ओळख करून घेत असते, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका. दोन-तीन मिनिटांतही काही आलं नाही किंवा बीप वाजत राहिले, तर बॅटरी पुन्हा सोडवून पट्टी काढून परत बसवा. जुन्या पट्टीचे दात काळवंडले असतील तर कोऱ्या पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, भुसा झटकून टाका. तरीही नाही, तर एकेक पट्टी वेगळी लावून पाहा, दोषी कोण ते कळेल. सुरू झाल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. एकही चूक आली तर पट्टी बदलून घ्या. 'एखादी चालते' असं दुकानात सांगतील, ऐकू नका.

दुसऱ्या दिवशी क्लोन. नव्या एसएसडीसोबत कंपनीचा क्लोनिंगचा प्रोग्रॅम बहुधा मोफत मिळतो, नसेल तर क्लोनझिला हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो मात्र मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर सहजी उतरत नाही, आधी विभाग आक्रसून घ्यावे लागतात. डिस्कवरचा वापर ४०० जीबीच्या आत आणा. सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ते आधी बंद करा आणि रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. टॅलीचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं, म्हणून क्लोनच्या आधी 'सरेंडर' करा आणि नव्या डिस्कवर पुन्हा ऍक्टिव्हेट करा. विंडोजचं लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं, त्याला धक्का लागत नाही. चार्जर लावूनच एसएसडी यूएसबीला जोडा आणि कुठून कुठे कॉपी होणार हे दोनदा वाचा. इथे उलट निवड झाली तर कोरी एसएसडी तुमच्या डेटावर उतरते, त्यावर उपाय नाही. ३०० जीबीला दीड-दोन तास धरा, डिस्क थकलेली असेल तर जास्त.

मग बॅटरी सोडवून हार्डडिस्क काढा. तिची धातूची चौकट चार स्क्रूंनी लावलेली असते, ती एसएसडीला चढवा. कनेक्टरची चपटी केबल नाजूक असते, ती वाकवू नका. सुरू केल्यावर 'बूट डिव्हाइस' सापडत नाही असं आलं, तर बहुतेक वेळा कनेक्टर नीट बसलेला नसतो. पहिल्या वेळी जुनी डिस्क सोबत जोडून ठेवू नका, दोन जुळ्या डिस्क पाहून विंडोज गोंधळतं. क्लोनऐवजी नव्याने विंडोज टाकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि एमसायनर (संकेतस्थळावर ती सही करू देणारा प्रोग्रॅम) पुन्हा टाकावा लागतो. सही टोकनमध्येच असते, ती जात नाही.

विंडोज ११ त्याच दिवशी नको. आठवडाभर काम करून पाहा, मग चढवा. एकाच दिवशी तीन गोष्टी बदलल्या आणि काही बिनसलं तर कशामुळे बिनसलं ते कळत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. 'मी कॉमर्सची' हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत. या कामाला लागतं ते असं: स्क्रू त्यांच्या जागेप्रमाणे मांडून ठेवणं, क्रम न मोडणं, आकडा दोनदा वाचणं आणि जोर न करणं. पंधरा जणांचे हिशेब वर्षानुवर्षं जुळवणारी बाई हेच करते. यजमानांची भीतीही अनाठायी नाही, पण ती डेटाची आहे, आणि डेटा दोन जागी उतरवल्यावर तिच्यातला दम बराच कमी होतो. त्यांना टॉर्च धरायला बसवा. बॅटरी फुगलेली असेल, डिस्कवर वाईट सेक्टर निघाले किंवा तुमच्या मॉडेलमध्ये सगळं कीबोर्डच्या बाजूने उघडावं लागत असेल, तर मात्र दुकानात द्या. त्यात कमीपणा नाही. तेव्हाही डेटा आधी घरी उतरवा, काम समोर बसून करून घ्या आणि जुनी डिस्क परत मागा.

ती डिस्क यूएसबी केसमध्ये घालून, तारीख लिहून कपाटात ठेवा. डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून ती आत बसवायचा सल्ला मिळेल. आठ वर्षांची फिरती डिस्क रोज तापवत ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. पुढचे दोन महिने विवरणपत्रं नव्या डिस्कवरून सुरळीत भरली जाईपर्यंत तिच्यावरचं काहीही पुसू नका. एसएसडी मरते तेव्हा हार्डडिस्कसारखी खरखर करून आधी सांगत नाही, एका सकाळी नुसती दिसेनाशी होते. त्यामुळे दर शनिवारचा टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेणं पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करा.